उन्हाळा सरत असताना सामुदायिक बाग: किती वाफे जगवावेत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वस्तीतील मोकळ्या जागेवर १२ वाफ्यांची सामुदायिक बाग आहे. लागवडीच्या दिवसांत वीस-बावीस जण येत असत. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात नियमित येणारे सहा-सातच उरले आहेत. टोमॅटोची फुले गळत आहेत, काकडी कडवट लागते, भेंडी काढणीअभावी जून झाली आहे, तण माजले आहे आणि जे येतात ते थकले आहेत. हवा पालटायला अजून सहा आठवडे आहेत. या काळात काय करावे, की बाग तात्पुरती बंद ठेवावी, असे विचारले आहे.

बाग बंद ठेवू नये. मात्र १२ पैकी पाच वाफे याच आठवड्यात विचारपूर्वक मिटवावेत आणि उरलेल्या सात वाफ्यांना पुरेसे पाणी, सावली आणि लक्ष द्यावे, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. अनेक वर्षे अशा बागांमध्ये काम केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की या दिवसांत बाग उन्हाने जितकी खराब होते, त्याहून अधिक ती सगळेच वाचवण्याच्या प्रयत्नामुळे होते. प्रत्येक वाफ्याला थोडे थोडे पाणी मिळते, म्हणून कोणत्याच वाफ्याची तहान भागत नाही. प्रत्येक ठिकाणचे थोडे थोडे तण निघते, म्हणून सगळीकडेच ते बी धरते. आणि मागे पडलेले काम रोज डोळ्यांसमोर राहिल्यामुळे येणारा माणूसही हळूहळू यायचा थांबतो.

पाण्याचा हिशेब मांडला की हे लगेच पटते. १ चौरस मीटर जमिनीवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर १ लिटर. भाजीपाल्याला साधारण हवेत आठवड्याला सुमारे २५ मिलिमीटर पाणी लागते. कडक उन्हात आणि कोरड्या वाऱ्यात ही गरज ३५ मिलिमीटरपर्यंत किंवा त्याच्याही पुढे जाते. वाफा ३ मीटर लांब आणि १.२ मीटर रुंद धरला, तर त्याचे क्षेत्र ३.६ चौरस मीटर होते. अशा १२ वाफ्यांना आठवड्याला सुमारे १,५०० लिटर पाणी लागेल, म्हणजे १० लिटरच्या झारीने दीडशे खेपा. तेच सात वाफ्यांना ८८ खेपा पुरतात. आठवड्यातून तीन पाळ्या ठेवल्या तर एका पाळीला तीसेक झाऱ्या, दोघांत वाटून पंधरा-पंधरा. दीडशे खेपांचे काम सहा माणसे सहा आठवडे उत्साहाने करतील, अशी अपेक्षा धरणे त्यांच्यावर अन्यायाचे आहे. ८८ खेपांचे काम मात्र ती खरोखरच करू शकतात.

कोणते वाफे मिटवायचे हा प्रश्न नाजूक असतो, कारण प्रत्येक वाफ्यात कोणाची तरी मेहनत असते. हा निर्णय बसून चर्चेने घेण्यापेक्षा सर्वांनी एकत्र बागेत फिरून, हातात खुरपे घेऊन, झाडे पाहून घ्यावा. एक गोष्ट आधीच ठरवून टाकावी: बागेत गेल्या एक-दोन वर्षांत लावलेली फळझाडांची किंवा झुडपांची रोपे असतील, तर पाण्यावर पहिला हक्क त्यांचा. टोमॅटोचे झाड गेले तर पुढच्या हंगामात नवे लावता येते; दोन वर्षे वाढवलेले रोप गेले तर ती दोन वर्षे परत मिळत नाहीत. त्यानंतर वाफ्यांकडे वळावे. ज्या झाडांचा शेंडा अजून हिरवा आणि वाढता आहे, ती ठेवण्यासारखी आहेत. हवा थोडी निवळली की ती पुन्हा फुलतात. ज्यांची खालची दोन तृतीयांश पाने वाळली आहेत आणि शेंड्याला नवी पालवी नाही, त्यांच्यावर पाणी खर्च करू नये. नळापासून सर्वांत दूरचे आणि दुपारनंतरचे पश्चिमेचे ऊन थेट घेणारे वाफे मिटवण्याच्या यादीत सहज बसतात.

या फेरीत प्रत्येक संशयित वाफ्यातील एक झाड मुळासकट उपटून पाहावे. मुळे स्वतःच जागोजागी सुजून वेडीवाकडी गाठाळ झाली असतील, तर तो सूत्रकृमींचा, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या अतिसूक्ष्म जंतांचा, प्रादुर्भाव आहे. घेवडा, चवळी अशा शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरही गाठी असतात, पण त्या मुळाच्या बाजूला मण्यासारख्या चिकटलेल्या असतात, बोटाने सहज निघतात आणि आतून गुलाबी दिसतात; त्या हवेतील नत्र स्थिर करणाऱ्या उपकारक जिवाणूंच्या आहेत. या दोहोंत गल्लत होऊन चांगली जमीन रोगट ठरवलेली आणि रोगट जमिनीत पुन्हा टोमॅटो लावलेले, असे दोन्ही प्रकार मी पाहिले आहेत. टोमॅटो, वांगी किंवा मिरचीचे झाड पाने हिरवी असतानाच एकाएकी मलूल झाले असेल, तर बुंध्याजवळचा खोडाचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या पारदर्शक ग्लासात उभा धरावा. काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधी रंगाची तार पाण्यात उतरताना दिसली, तर तो जिवाणूजन्य मर रोग आहे. असे झाड कंपोस्टमध्ये टाकू नये, त्याच्या आळ्यातील माती दुसरीकडे नेऊ नये आणि वापरलेले खुरपे धुऊन, पुसूनच पुढच्या वाफ्यात न्यावे.

वाफा मिटवणे म्हणजे तो उघडा टाकणे नव्हे. उघडी, कोरडी, तापलेली माती हे या सगळ्या काळातले सर्वांत मोठे नुकसान आहे. मिटवलेल्या वाफ्यासाठी तीन वाटा आहेत आणि कोणती निवडायची हे त्या वाफ्याच्या दुखण्यावर अवलंबून आहे.

सूत्रकृमी किंवा मर रोग आढळलेल्या वाफ्याला उन्हानेच तापवावे. वाफा साफ करून, ढेकळे फोडून, सपाट करावा, त्याला खोलवर पाणी द्यावे आणि त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक मातीला चिकटेल असे अंथरून कडा मातीत गाडून टाकाव्यात. प्लॅस्टिक पारदर्शकच हवे; काळे प्लॅस्टिक स्वतः तापते, पण ऊन मातीपर्यंत जाऊ देत नाही, म्हणून माती त्याखाली तितकी तापत नाही. माती ओली असणेही गरजेचे आहे, कारण ओलाव्यामुळे उष्णता खोलवर पोहोचते आणि रुजू लागलेले तणांचे बी व जागे झालेले रोगजंतू कोरड्या सुप्तावस्थेतल्यापेक्षा लवकर मरतात. या उपायाला चार ते सहा आठवड्यांचे कडक ऊन लागते. आपल्याकडे सहाच आठवडे आहेत, म्हणून मी ‘याच आठवड्यात’ असे म्हटले. पंधरा दिवस विचारात गेले तर ही संधी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत हुकते. मात्र याने वरच्या थरातील उपद्रव कमी होतो, समूळ जात नाही. खोलवर गेलेले सूत्रकृमी नंतर वर येतात, त्यामुळे त्या वाफ्यात पुढील हंगामात टोमॅटो-वांग्याच्या कुळातले पीक घेऊ नये.

निरोगी पण थकलेल्या वाफ्याला झाकून ठेवणे सर्वांत सोपे. झाडे उपटू नयेत, जमिनीलगत कापावीत आणि मुळे तशीच आत कुजू द्यावीत. त्यांच्या वाटांनी पुढे पाणी आणि हवा आत जाते. तण बी धरण्याआधी कापावे, पाणी द्यावे, चिकटपट्ट्या काढलेला साधा पुठ्ठा एकमेकांवर चढवून पसरावा, तो भिजवावा आणि वर कंपोस्ट व वाळलेल्या पानांचा जाड थर द्यावा. सहा आठवड्यांनी त्याखालची माती मऊ आणि गांडुळांनी भरलेली मिळण्याची चांगली शक्यता असते.

तिसरी वाट हिरवळीच्या खताची. ताग किंवा चवळी पेरून फुलोरा येताच, खोड कोवळे असतानाच कापून तिथेच पसरवतात. हा उपाय मला मनापासून आवडतो, पण एक इशारा द्यायला हवा: बी रुजेपर्यंतचे दहा-बारा दिवस पाणी नियमित द्यावेच लागते. ते देण्याइतके हात नसतील, तर ही पेरणी हवा पालटण्याच्या तोंडावर करावी आणि तोवर वाफा झाकून ठेवावा.

आता जगवायच्या सात वाफ्यांकडे येतो. दुपारी पाने मान टाकतात हे पाहून पाणी देण्याची घाई करू नये. भोपळा, काकडी यांच्या रुंद पानांतून दुपारी जितके पाणी उडते, तितके मुळे वर पोहोचवू शकत नाहीत, म्हणून पाने सैल होतात आणि संध्याकाळी पुन्हा ताठ होतात. पहाटेही पाने मलूल दिसली तरच झाड खरोखर तहानले आहे. निश्चित उत्तर मातीतच मिळते: खुरप्याने १० ते १५ सेंटिमीटर खोलवरची माती काढून मुठीत दाबावी. गोळा बनतो, पण पाणी सुटत नाही आणि बोटाने टोचताच गोळा फुटतो, तर माती वाफशावर आहे आणि पाण्याची गरज नाही. गोळाच होत नसेल, तर पाणी द्यावे. बागेत येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी हीच एक गोष्ट शिकवावी, असा माझा आग्रह असतो. कारण सामुदायिक बागेत पाण्याअभावी जितकी झाडे जातात, तितकीच एकाच दिवशी तिघांनी तीनदा पाणी दिल्यामुळे मुळे कुजूनही जातात.

पाणी नळीने देत असाल, तर आधी नळीचा वेग मोजावा. १० लिटरची बादली ४० सेकंदांत भरत असेल, तर मिनिटाला १५ लिटर पाणी येते. वर काढलेल्या हिशेबाने एका वाफ्याला एका पाळीला ४२ लिटर हवे, म्हणजे नळी तिथे जवळजवळ पावणेतीन मिनिटे धरावी लागेल. उभे राहून पाणी देणाऱ्याला पावणेतीन मिनिटे फार वाटतात. अर्ध्या मिनिटात माती काळी दिसू लागते आणि माणूस पुढे सरकतो. त्या पाण्याने वरचा दोन सेंटिमीटरचा थर भिजतो, दुपारपर्यंत तो वाळतो आणि मुळे ओलाव्याच्या शोधात वरच येत राहतात, जिथे त्यांना सर्वाधिक ताप लागतो. म्हणून कमी वेळा, पण खोल पाणी द्यावे. जमीन भारी असेल तर आठवड्याचे तेवढेच पाणी दोन पाळ्यांत दिले तरी चालते. वाळूसर असेल तर तीन किंवा चार पाळ्या कराव्यात. उन्हात पडलेल्या नळीतील पहिले पाणी हात भाजण्याइतके गरम असते. ते बादलीत काढून थंड होऊ द्यावे, झाडावर घालू नये आणि कोणीही त्या नळीतून पाणी पिऊ नये.

पाणी पहाटे द्यावे हे खरेच, पण दुपारी खरोखर सुकलेले झाड दिसले तर केवळ वेळ चुकीची म्हणून त्याला तसेच ठेवू नये. पानांवर न शिंपडता बुंध्याशी सावकाश पाणी द्यावे, इतकेच.

पाणी दिल्यानंतर लगेच आच्छादन करावे. कोरड्या मातीवर आच्छादन घातले, तर ती कोरडीच राहते. वाळलेला पालापाचोळा, पेंढा किंवा कापलेले बी नसलेले तण यांचा ५ ते ८ सेंटिमीटरचा थर पुरेसा आहे; खोडाभोवती चार बोटे जागा मोकळी सोडावी, नाहीतर बुंधा कुजतो. बाहेरून आणलेल्या पेंढ्याबद्दल किंवा शेणखताबद्दल मात्र सावध राहावे. काही तणनाशके गवतातून जनावराच्या पोटात आणि तिथून शेणात तशीच उतरतात आणि कंपोस्ट झाल्यावरही काही काळ टिकतात. त्या खतात थोडी माती मिसळून दोन-तीन कुंड्यांत घेवड्याचे बी लावावे. तीन आठवड्यांत पाने आकसून पेल्यासारखी वळली, तर ते खत वाफ्यात जाऊ देऊ नये.

पाणी फार तुटपुंजे असेल, तर विनाचकाकीची मातीची मडकी बुंध्याजवळ गळ्यापर्यंत पुरून, पाण्याने भरून, वर झाकण ठेवावे. मडक्याच्या भिंतीतून पाणी मुळांच्या ओढीनुसार झिरपते आणि बाष्पीभवन जवळजवळ होत नाही. ही पद्धत सुमारे २,००० वर्षांपूर्वीच्या चिनी शेतीविषयक लेखनात वर्णिलेली आहे. दोन-तीन दिवस बागेत कोणी येणार नसेल, तेव्हा तिच्याइतका भरवशाचा आधार दुसरा नाही. पाण्याची पिंपे आणि मडकी झाकलेलीच असावीत, आणि पक्ष्यांसाठी व मधमाश्यांसाठी ठेवलेली उथळ भांडी आठवड्यातून एकदा तरी रिकामी करून घासावीत, कारण साचलेल्या पाण्यात डासाच्या अंड्यापासून डास तयार व्हायला उष्ण हवेत आठ-दहा दिवस पुरतात.

टोमॅटोच्या फुलगळीबद्दल स्वतंत्रपणे लिहितो, कारण तिच्यामुळे स्वयंसेवक सर्वाधिक हिरमुसतात आणि चुकीचे उपाय करतात. दिवसाचे तापमान ३२ ते ३५ अंशांच्या पुढे आणि रात्रीचे २१ ते २४ अंशांच्या वर राहू लागले, की टोमॅटोच्या परागकणांची क्षमता घटते, फळधारणा होत नाही आणि फूल गळून पडते. हा रोग नाही, खताची कमतरताही नाही. अशा वेळी नत्रयुक्त खत घातले, तर झाड कोवळी पालवी फोडते, तिला आणखी पाणी लागते आणि रसशोषक किडी तिच्यावर धावून येतात. झाडाला फक्त जगवायचे आहे: ३० ते ५० टक्के सावली देणारे शेडनेट दुपारच्या उन्हाच्या बाजूला, झाडाला न टेकवता बांधावे, पाणी एकसारखे ठेवावे आणि वाट पाहावी. रात्री थंड होऊ लागल्या की फुले धरतात. जी फळे आधीच लागली आहेत, ती रंग बदलू लागताच काढून घरात सावलीत पिकवावीत. ३० अंशांच्या वर टोमॅटोचे लाल रंगद्रव्य नीट तयार होत नाही, त्यामुळे झाडावर ठेवून फळ पिवळट राहते आणि उन्हाने त्याची सालही भाजते. फळाच्या तळाशी चामड्यासारखा काळा डाग पडत असेल, तर अंड्याची टरफले पुरून या हंगामात काही साधणार नाही. तो डाग फळापर्यंत कॅल्शियम न पोहोचल्याने पडतो, आणि कॅल्शियम पाण्याबरोबर वाहते; आज कोरडे आणि उद्या चिखल असे पाणी दिले की तो हमखास येतो.

कडवट काकडीबाबत एक गंभीर सूचना आहे. उष्णता आणि पाण्याचा ताण यांमुळे काकडी, दुधी, दोडका, भोपळा या कुळात कुकुरबिटासिन नावाची कडू द्रव्ये वाढतात. किंचित कडसरपणा देठाजवळच्या भागापुरता असेल तर तो भाग कापून टाकता येतो, पण फळ स्पष्ट कडू लागले, तर ते थुंकून टाकावे आणि पूर्ण फेकावे. शिजवल्याने ते द्रव्य नष्ट होत नाही आणि त्याने तीव्र उलट्या, जुलाब, क्वचित जिवावर बेतण्याजोगा त्रास होतो. सामुदायिक बागेतली भाजी अनेक घरांत जाते, म्हणून अशा वेलाची फळे कोणालाही देऊ नयेत. त्याचे बीही धरू नये.

किडींमध्ये या काळात लाल कोळी सर्वांत त्रासदायक. पानावर सुईने टोचल्यासारखे फिके ठिपके दिसले, तर पांढरा कागद खाली धरून पान झटकावे. धुळीएवढे ठिपके चालू लागले तर निदान पक्के झाले. कोरडी, धुळकट, उष्ण हवा त्याला मानवते. सकाळी पानांच्या खालच्या बाजूवर पाण्याचा जोरदार फवारा दोन-तीन दिवसांआड मारल्याने त्याची संख्या बरीच उतरते. सरसकट सर्व कीटक मारणारे औषध फवारू नये, कारण त्याने कोळ्यांना खाणारे मित्रकीटक आधी मरतात आणि पंधरवड्यात कोळी दुप्पट जोमाने परततात. भुरीसाठी, म्हणजे पानांवर पांढरी पूड धरणाऱ्या बुरशीसाठी, गर्दीतील जुनी, पांढरी पडलेली पाने काढून हवा खेळती ठेवणे पुरेसे होते. शेवटच्या टप्प्यातल्या भोपळ्यावरील भुरीशी झुंजत बसण्याची गरज नाही.

तणाच्या बाबतीत क्रम महत्त्वाचा आहे. उंच तण आधी दिसते, पण आधी काढायचे ते फुलोऱ्यावर आलेले. रानटी राजगिऱ्यासारखे एक मोठे झाड लाखाच्या पुढे बी टाकू शकते आणि ते बी पुढची अनेक वर्षे जमिनीत जिवंत राहते. घोळ ही रानभाजी उपटून वाफ्यातच टाकली तर तिच्या मांसल तुकड्यांना पुन्हा मुळ्या फुटतात. ती उचलून बाहेर न्यावी. बाकीचे तण पायवाटेवर असेल आणि बी धरलेले नसेल, तर ते कापून ठेवले तरी सहा आठवडे निभावतात.

हे सगळे करणारी माणसे मात्र बागेतील सर्वांत जपायची गोष्ट आहेत. कामाची वेळ सूर्योदयापासून पुढचे दोन तास, किंवा सूर्य उतरल्यावरचा तास, एवढीच ठेवावी आणि ती प्रवेशदारावर लिहून ठेवावी. कष्टाचे काम करताना दर १५ ते २० मिनिटांनी पेलाभर, म्हणजे सुमारे २०० ते २५० मिलिलिटर पाणी प्यावे. तहान लागण्याची वाट पाहू नये. एक बाब सहसा लक्षात घेतली जात नाही: बरेच दिवसांनी परतलेला किंवा नवा स्वयंसेवक उन्हाला सरावलेला नसतो. शरीराला उष्णतेची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात, म्हणून कामगारांच्या आरोग्याचे मार्गदर्शन नव्या माणसाला पहिल्या दिवशी नेहमीच्या कामाच्या पाचव्या भागाएवढेच काम द्यावे आणि रोज तेवढेच वाढवावे, असे सांगते. उत्साहाने आलेल्या नव्या माणसाच्या हाती पहिल्याच दिवशी कुदळ देण्याची चूक माझ्याकडूनही झाली आहे. अर्ध्या तासात त्या व्यक्तीला चक्कर आली, सुदैवाने सावली आणि पाण्याने ती सावरली, पण तेव्हापासून नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी बी निवडणे, दोऱ्या बांधणे, वहीत नोंदी करणे अशीच सावलीतली कामे देतो. कोणी असंबद्ध बोलू लागले, गोंधळले किंवा कोसळले, तर तो उष्माघात समजून तत्काळ वैद्यकीय मदत बोलवावी आणि ती येईपर्यंत अंगावर पाणी ओतून वारा घालत राहावे. शुद्ध हरपलेल्या माणसाला तोंडाने पाणी देऊ नये. धनुर्वाताच्या लसीची मात्रा १० वर्षांच्या आत झालेली आहे ना, हे प्रत्येकाला एकदा विचारून घ्यावे. कोरडे कंपोस्ट उकरताना आधी ते ओलसर करावे, तोंडाला मास्क लावावा आणि नंतर हात धुवावेत, कारण त्याच्या धुळीतून फुप्फुसांना बाधणारे जिवाणू जाऊ शकतात.

पाळ्यांची व्यवस्था साधी असावी. सात वाफ्यांना एकेका माणसाच्या नावे वाटून देऊ नये. एक माणूस आजारी पडला की वाफा वाळतो आणि तो माणूस संकोचाने परत येत नाही. दोघांची जोडी करून तिला आठवड्यातली एक पाळी द्यावी आणि त्या पाळीत सातही वाफे पाहावेत. प्रत्येक वाफ्याच्या कडेला एक खुंटी आणि तिला दोन रंगांची पट्टी असावी; पाणी दिले की पट्टी फिरवावी, म्हणजे दुसऱ्या दिवशी येणाऱ्याला काही विचारावे लागत नाही. सामाईक साधनसंपत्ती लोक स्वतः कशी सांभाळतात, यावरच्या कामासाठी २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रम यांनी नेपाळसारख्या ठिकाणच्या शेतकऱ्यांच्या सिंचनव्यवस्था अभ्यासल्या होत्या. दीर्घकाळ टिकलेल्या व्यवस्थांत त्यांना जे गुण आढळले, त्यांपैकी दोन इथे थेट उपयोगी आहेत: देखरेख वापरणाऱ्यांकडेच असते, आणि नियम मोडणाऱ्यावर पहिली कारवाई अगदी सौम्य असते. पाळी चुकलेल्याला सर्वांसमोर जाब विचारण्यापेक्षा त्याच्या जोडीदाराने फोन करून ‘बरे आहात ना?’ असे विचारणे, माझ्या अनुभवात, कितीतरी जास्त माणसे परत आणते.

काढणीचा नियम तर याहून सोपा करावा: ज्या जोडीने पाणी दिले, तिने त्या दिवशी तयार असलेले सर्व काढावे, लागेल तेवढे घ्यावे आणि उरलेले ठरलेल्या टोपलीत ठेवावे. भेंडी, घेवडा, काकडी दर दोन दिवसांनी काढली नाही तर झाडाचे सगळे बळ बी पिकवण्याकडे जाते आणि नवी फुले येणे मंदावते. ‘हे कोणाचे आहे?’ या संकोचापायी फळ झाडावर कुजू देणे हे या बागेत सर्वाधिक मन खट्टू करणारे दृश्य असते, आणि ते पूर्णपणे टाळता येते.

जून झालेल्या भेंडीला मात्र वाया गेलेली समजू नये. सर्वांत निरोगी झाडावरच्या चार-पाच शेंगा दोरा बांधून ठेवाव्यात आणि बियाण्यासाठी वाळू द्याव्यात. भेंडीत थोडा परपराग होतो. शेजारी दुसरे वाण असेल तर रोपांत भेसळ दिसेल. घेवडा आणि टोमॅटो बहुतांशी स्वपरागित असल्याने त्यांचे बी धरायला सोपे. टोमॅटोचा गर दोन-तीन दिवस भांड्यात आंबवून, धुऊन, सावलीत वाळवावा. संकरित वाणाचे बी धरू नये, पुढची पिढी एकसारखी येत नाही. बियाण्यातील ओलावा एक टक्क्याने उतरला, किंवा साठवणीचे तापमान ५ अंशांनी कमी झाले, तर त्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते, असा बीजशास्त्रातला जुना ठोकताळा आहे. म्हणून बरणी हवाबंद, आणि जागा कोरडी व थंड हवी. बरणीवर पिकाचे नाव, वाफ्याचा क्रमांक आणि तारीख लिहावी.

अशीच तारीख मिटवलेल्या पाच वाफ्यांवरही लिहावी: कोणत्या दिवशी मिटवला, कशासाठी आणि कोणत्या दिवशी उघडायचा. बागेच्या वहीत तीच नोंद करून, सध्या न येणाऱ्या त्या चौदा-पंधरा जणांनाही उघडण्याच्या दिवसाचे बोलावणे आजच धाडावे. पुठ्ठ्याखालचा वाफा सर्वांत आधी उघडावा, त्यात पालेभाजीचे बी टाकावे; प्लॅस्टिकखालचा वाफा सहा आठवडे पूर्ण झाल्याशिवाय उघडू नये, आणि उघडल्यावर त्याची माती खोल उलटू नये, म्हणजे खालचे जिवंत तणबी वर येणार नाही.